'ई' दिसला की ओळखा

कुणीतरी लिहिलंय, व्हॉट्सॲप एनक्रिप्टेड (म्हणजे संदेश कुलूपबंद) आहे म्हणजे ओटीपीचीही चिंता नको. अर्धंच पटलं. व्हॉट्सॲपचं कुलूप २०१६ पासून या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे, खरं. पण ओटीपी येतो साध्या एसएमएसवर, अन् त्याला कुलूप फक्त टॉवर ते फोन एवढ्याच वाटेत. त्यातही २जीचं ए५/१ हे कुलूप १९८७ सालचं, चावी ६४ बिटांची, केव्हाच फुटलेलं. शिवाय २जीवर टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन टॉवरची तपासतच नाही. म्हणून खोटा टॉवर खपून जातो.

आमच्या वावरात (यवतमाळकडचं खेडं) ४जी जाऊन फोनच्या पट्टीवर नुसता 'ई' उरतो, म्हणजे २जी. अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये २जी बंद करायची सोय आहे. मी मोठ्या हौशीनं केलं बंद, तर धुऱ्यावर गेल्याबरोबर फोन मुका. संध्याकाळी गुपचूप परत चालू केलं. आणि बाबांचं काय सांगू राजेहो! तालुक्याच्या सेवा केंद्रात पोरगा विचारतो, "काका, काय नंबर आला?" बाबा कीपॅडचा फोन डोळ्यापासून हातभर लांब धरून ओटीपीचे सहाही आकडे मोठ्यानं वाचतात. मागे रांगेत आठ जण.