टेबलमध्ये फिल्टर सूत्राला स्पिल एरर. जुनी अ‍ॅरे सूत्रे बदलावीत का?

प्रश्न (भोसरी, पुणे)
आमच्या भोसरीच्या कारखान्यात पुरवठादारांच्या बिलांची नोंद एक्सेलमध्ये ठेवली जाते. एकेका पुरवठादाराची थकीत बिले वेगळी काढण्यासाठी इंडेक्स, स्मॉल आणि इफ यांचे लांबलचक अ‍ॅरे सूत्र (एकाच वेळी अनेक सेलवर काम करणारे) कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबून द्यावे लागे. आता मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतल्यावर त्याऐवजी फिल्टर हे फंक्शन वापरून पाहिले, तर टेबलच्या आत स्पिल एरर (उत्तर पसरता येत नसल्याची चूक) येते. टेबलबाहेर तेच सूत्र चालते. शिवाय सदाशिव पेठेतील आमच्या सीएंकडे अजून एक्सेल २०१९ आहे. अशा स्थितीत सूत्रे बदलावीत का?

उत्तर १
पसरणारी सूत्रे, म्हणजे ज्यांचे उत्तर आपोआप शेजारच्या सेलमध्येही भरते ती, टेबलच्या आत चालत नाहीत. नोंदी टेबलमध्येच असू द्याव्यात, कारण नवी ओळ भरताच टेबल वाढते आणि फिल्टरला ती आपोआप मिळते. सूत्र मात्र दुसऱ्या शीटवर मोकळ्या जागेत लिहावे. उत्तर जिथे पसरणार तिथे एखादा सेल भरलेला असला तरी हीच एरर येते, म्हणून बेरीज यादीच्या खाली न घेता वर घ्यावी. हिशेबाचे वळण पडलेल्या हाताला हे उलटे वाटते, पण इलाज नाही. फिल्टरच्या तिसऱ्या जागी ‘थकबाकी नाही’ असा मजकूर द्यावा, नाहीतर एकही बिल न सापडल्यास कॅल्क एरर (उत्तर रिकामे असल्याची चूक) दिसते.

खरा फायदा याच्या पुढे आहे. ए२ मध्ये युनिकने (प्रत्येक नाव एकदाच देणारे फंक्शन) पुरवठादारांची यादी घेऊन बी२ मधील सम-इफ्सला (निकषानुसार बेरीज करणारे फंक्शन) निकष म्हणून ए२ ला हॅश चिन्ह जोडून (म्हणजे ए२ पासून पसरलेली पूर्ण यादी) दिले, की प्रत्येकाची बेरीज एकाच सूत्रातून मिळते आणि नवा पुरवठादार आला तरी सूत्र खाली ओढावे लागत नाही.

उत्तर २
सीएंची अडचण मात्र खरी आहे. फिल्टर, युनिक, सॉर्ट आणि एक्सलूकअप एक्सेल २०१९ मध्ये नाहीत. कायमस्वरूपी परवान्याच्या आवृत्त्यांत ती २०२१ पासून आली. त्यांच्याकडे फाइल उघडल्यावर आधी काढलेली उत्तरे दिसत राहतात, त्यामुळे सारे ठीक असल्याचा समज होतो, आणि सूत्राची फेरगणना झाली की नेम एरर (फंक्शनचे नाव ओळखता न आल्याची चूक) येते. त्यांना फक्त व्हॅल्यूज (सूत्रांऐवजी त्यांची उत्तरे) पेस्ट केलेली प्रत पाठवावी. खर्च टाळायचा असेल तर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या २४.८ आवृत्तीपासून ही फंक्शन्स उपलब्ध आहेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काही जुन्या सूत्रांत आता @ चिन्ह दिसते. ते काढून टाकावे का?

उत्तर १
सरसकट काढू नये. जुने एक्सेल पूर्ण स्तंभ दिला तरी त्यातून आपल्या ओळीतले एकच मूल्य उचलत असे. तेच वर्तन टिकावे म्हणून हे चिन्ह दाखवले जाते, आणि ते काढल्यास उत्तर खाली पसरू शकते. जुनी अ‍ॅरे सूत्रे नव्या एक्सेलमध्येही चालतात, तेव्हा ज्यांची दर महिन्याला डागडुजी करावी लागते तेवढीच बदलावीत. सम-प्रॉडक्टची (गुणाकारांची बेरीज करणाऱ्या फंक्शनची) सूत्रे बिनचूक चालत असतील, तर त्यांना हात लावण्याचे मला कारण दिसत नाही.