मदत हवी आहे : लांब शृंगिकांची (डोक्यावरील मिशांसारख्या स्पर्शिकांची) काळी मुंगी नक्की कशी ओळखावी?
नमस्कार. नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठी आणि आमच्या ओट्यावरही, संत्र्याची साल पडताच जमणाऱ्या व रांग सोडून सैरावैरा धावणाऱ्या, सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या काळपट मुंग्या मला याच जातीच्या, म्हणजे पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस, वाटतात. भिंगाखाली शृंगिकेचा पहिला खंड डोक्याच्या दीडपटीहून लांब दिसतो, पाठीवर पांढरट राठ केस आहेत आणि तिरप्या उजेडात अंगावर निळसर झाक येते.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये फॉर्मिका वंशात वर्णिलेली ही जाती बिंगहॅम यांच्या भारतातील मुंग्यांवरील १९०३ च्या ग्रंथात प्रेनोलेपिस या वंशात येते; पुढे २०१० च्या फेरमांडणीत पॅराट्रेकिना वंशातील बहुतेक जाती नायलँडेरिया या वंशात गेल्या, त्यामुळे जुन्या याद्यांतील नावे जशीच्या तशी उचलणे मला धोक्याचे वाटते.

नायलँडेरियापासून ती वेगळी काढण्यासाठी शृंगिकेच्या पहिल्या खंडावर उभे केस नसणे, एवढी खूण पुरेशी मानावी का? शिवाय माणसाच्या मालवाहतुकीबरोबर उष्ण कटिबंधात सर्वदूर पसरलेल्या या मुंगीचे मूळ आफ्रिकेत की आशियात याविषयी अभ्यासकांत मतभेद असल्याने, विदर्भाच्या यादीत तिची नोंद स्थानिक म्हणून करावी की आगंतुक म्हणून? नमुने अल्कोहोलमध्ये राखून ठेवले आहेत. कोणत्या बाजूची छायाचित्रे उपयोगी पडतील, तेही कृपया कळवावे.