फेब्रुवारीची सहल: काबो की तोदोस सांतोस?

माई आत्या: सगळ्यांना नमस्कार. मेक्सिकोतलं गाव बदललं हे मला आज वहिनीकडून कळलं. सांगायची तसदी कोणी घेतली नाही, असो. एकच विचारते, तिथला समुद्र माणसाला आत ओढतो म्हणे, खरं का? गणपतीपुळ्याला काय झालं होतं ते या घरात कोणी विसरलं नसेल.

ताई: आत्या, काबोच्या रिसॉर्टऐवजी तोदोस सांतोस गावात राहू, एवढंच मी सुचवलंय. अजून काही ठरलेलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय ठरणारही नाही. समुद्राचं मात्र खरं आहे. तोदोस सांतोस पॅसिफिकच्या बाजूला आहे. तिथे किनाऱ्यालगतच एकदम खोल होतं, लाट अंगावर आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गावाजवळच्या किनाऱ्यांवर पोहायचंच नाही, हे मुलांना आत्तापासून सांगून ठेवा. दक्षिणेला सेरितोसचा किनारा आहे, तिथे लोक पोहतात, सर्फिंग करतात. तिथेही मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत हवंच.

बापूकाका: काबोच्या रिसॉर्टची ऑफर परत टाकतो. नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, सगळं धरून. ज्येष्ठांना सवलत. शुक्रवारपर्यंतच आहे.

बंड्या: काका, सकाळपासून तिसऱ्यांदा.

बापूकाका: उत्तर आलं असतं तर टाकावी लागली नसती.

दादा: माझा प्रश्न साधा आहे. विमान उतरणार सान होसे देल काबोला. तिथून पुढे दीड तास गाडी. समुद्रात उतरायचं नाही. मग जायचं कशाला? ज्यांना अमेरिकेतून अडीच तासांत पोचता येतं त्यांचं ठीक आहे, आम्ही पुण्याहून येतोय.

ताई: दादा, तुम्ही एवढ्या लांबून येताय म्हणूनच म्हणते. काबोचं रिसॉर्ट आणि गोव्याचं रिसॉर्ट यात तुला काय फरक दिसणार? खोली, तलाव, बुफे. तोदोस सांतोस हे सात हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे, कर्कवृत्ताला अगदी लागून. चौकात चर्च, समोर जुनं नाट्यगृह, गल्ल्यांवर रंगीत कातरकामाच्या कागदी पताका. दोन गल्ल्या ओलांडल्या की डांबर संपतं आणि आंब्याची झाडं लागतात. एका घरात चित्रकार काम करत बसलेला असतो, दार उघडं. आत गेलं तर बोलतो, नाही गेलं तर हाका मारत नाही.

वहिनी: आंबे? फेब्रुवारीत?

ताई: फळं नाहीत गं, झाडं. फळ उन्हाळ्यात.

दादा: तू 'स्पॅनिश वसाहतीच्या काळातलं गाव' म्हणालीस. फोटोत तर विटांचे वाडे दिसतात.

ताई: बरोबर पकडलंस. ख्रिस्ती मिशनचं ठाणं 1723 मध्ये पडलं, 1733 मध्ये त्याला पूर्ण मिशनचा दर्जा मिळाला. पण हे वाडे एकोणिसाव्या शतकातले, उसाच्या पैशातून उभे राहिलेले. काका, तुम्हाला हे आवडेल: गावभर गुऱ्हाळं होती. विटांची धुराडी अजून उभी आहेत, आणि पिलोन्सिलो म्हणजे आपली गुळाची ढेपच. 1950च्या सुमारास झरे आटले, ऊस संपला, माणसं निघून गेली. पाणी परतलं 1980च्या दशकात. मग हायवे पक्का झाला आणि अमेरिकेतल्या ताओसचा चार्ल्स स्ट्युअर्ट वगैरे चित्रकार मंडळी येऊन राहिली. पडीक वाडे त्यांनी डागडुजी करून वापरात आणले. 2006 पासून सरकारच्या 'पुएब्लो माहिको' म्हणजे 'जादुई गाव' यादीत नाव आहे.

बापूकाका: कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळ दाखवायला मेक्सिकोला नेणार?

बंड्या: 😂😂

मोठे भावोजी: गावात 'हॉटेल कॅलिफोर्निया' आहे ना? ते गाण्यातलं? मग मी तयार आहे.

बंड्या: भावोजी, त्या हॉटेलचा गाण्याशी काही संबंध नाही.

मोठे भावोजी: आमच्या हॉस्टेलवर रोज वाजायचं रे. वाळवंटातला रस्ता, चर्चची घंटा, सगळं जुळतं.

बंड्या: जुळू दे. हॉटेल 1950चं, गाणं त्यानंतर पाव शतकाने आलं. ते गाणं ज्यांचं, त्या ईगल्स बँडने 2017 मध्ये हॉटेलवर दावा लावला होता, 2018 मध्ये तडजोडीने मिटला. वाटल्यास गुगल करा.

मोठे भावोजी: माझ्या पिढीला गुगल न करताच गाणी कळायची.

वहिनी: आता हे दोघं रात्रीपर्यंत. मुद्द्यावर या बरं. आईंच्या जेवणाचं काय?

बापूकाका: रिसॉर्टमध्ये शाकाहारी काउंटर वेगळा आहे. ऑफर वर आहेच.

ताई: आईचं जेवण मी बघते. मक्याच्या टॉर्टिया, बीन्स, चीज, परतलेलं निवडुंग, भाजलेल्या मिरच्या, अवोकाडो. फक्त बीन्स पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीत करतात, त्यामुळे दर वेळी 'सिन मान्तेका', म्हणजे चरबीशिवाय, सांगायचं. आईसाठी चिठ्ठी लिहून ठेवते. मासे खाणाऱ्यांनी दुपारी पुन्ता लोबोसच्या किनाऱ्यावर चला. कोळी 'पंगा' नावाच्या छोट्या बोटी घेऊन परततात. लाटेचा अंदाज घेत बाहेर थांबतात आणि योग्य लाट आली की मोटर पूर्ण वेगात सोडून बोट थेट वाळूत घुसवतात. तिथेच मासळीची काटछाट सुरू होते आणि पेलिकन भोवती गोळा होतात.

छोटी: त्या कोळ्यांचंही सांग ना. 2016 मध्ये त्यांच्या किनाऱ्याला लागून मोठा गृहप्रकल्प उभा राहत होता, त्याविरुद्ध ते रस्ता अडवून बसले होते. बोटी लावायची जागा आणि गावचं पाणी, दोन्हीसाठी. झरे आटून एकदा गाव उठलंय, त्यांना भीती वाटणारच. आपण जातोय तर निदान आंघोळीला बादलीभर पाणी पुरवायचं.

दादा: झालं, आता सहलीतही भाषण.

छोटी: दादा, मी तुझ्याशी बोलत नव्हते.

वहिनी: छोटीचं चुकलं नाही हो. आपल्याकडे मे महिन्यात टँकरला रांग लावतो तेव्हा कळतं.

माई आत्या: माझी शंका अजून तशीच आहे. पोहायचं नाही, तर मुलं दिवसभर करणार काय? आणि माझ्यासारखीने काय करायचं?

ताई: आत्या, तुम्हाला वेळास आठवतं? पहाटे टोपली उचलल्यावर खालून पिल्लं निघाली होती आणि तुम्ही तिथून हलायला तयार नव्हता. तीच ऑलिव्ह रिडले कासवं इथेही अंडी घालतात. हिवाळ्यात रात्री वाळू फार गार पडते, म्हणून स्थानिक स्वयंसेवक अंडी किनाऱ्यावरच्या हरितगृहात उबेत ठेवतात. पिल्लं निघाली की संध्याकाळी, सूर्य बुडताना पाण्याकडे सोडतात. हात लावायचा नाही, आखलेल्या रेषेमागे उभं राहायचं. एवढीशी काळी पिल्लं, ओल्या वाळूत वल्हं मारल्यासारखी सरकतात, लाट परत मागे टाकते, पुन्हा निघतात. फेब्रुवारीत हे चालू असतं. शिवाय त्याच दिवसांत ग्रे व्हेल जातात, त्यांचे फवारे किनाऱ्यावरून दिसतात. बसायला घडीची खुर्ची घेऊ, तुम्हाला वाळूत बसवणार नाही.

माई आत्या: वेळासला आपल्याला चाळीस पायऱ्या खाली उतरवलं होतं कोणीतरी. इथे पायऱ्या आहेत का?

ताई: नाही. गाडी बरीच जवळ जाते, पुढे वाळू.

माई आत्या: मग ठीक.

दादा: म्हणजे ठरलंच की. विचारलं कशाला?

ताई: तुझ्याशिवाय ठरवायचं नाही म्हणून विचारलं. मधला मार्ग सुचवते. आधी तोदोस सांतोसला निवांत मुक्काम, शेवटची रात्र काबोला रिसॉर्टवर, विमानतळाजवळ. पण उलटं नको. काबोहून बसने दोन तासांसाठी येणारे लोक हॉटेलसमोर फोटो काढतात, टीशर्ट घेतात आणि परततात. जुन्या शाळेच्या इमारतीत सांस्कृतिक केंद्र आहे, भिंतींवर 1930च्या दशकातली चित्रं आहेत, तिकडे कोणी वळत नाही. बसेस गेल्यावर गाव आपलं असतं. ती संध्याकाळ तुम्हा सगळ्यांना मिळावी एवढंच मला हवंय.

बापूकाका: एका रात्रीला सवलत लागू आहे का, विचारतो.

वहिनी: 🙏 व्हिसाचं सांग ना. वेगळा काढायचा का?

ताई: अमेरिकेचा व्हिसा चालू असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको. आणि रात्री गारवा असतो, काबोपेक्षा जास्त. शाल, स्वेटर आणि रस्ते खडबडीत म्हणून नीट बूट.

दादा: पाठवतो. मला तळमजल्यावरची खोली, आईच्या शेजारची.

मोठे भावोजी: आणि मला ते हॉटेल.

बंड्या: भावोजी, बाहेरून.