मदत हवी आहे: नामांकित विद्यापीठाची उधारीवर मोठी ऑर्डर, खरी की बनावट?

नमस्कार मंडळी,

आम्ही संगणकाचे सुटे भाग पुरवतो. गेल्या आठवड्यात एका नामांकित विद्यापीठाच्या खरेदी विभागाच्या नावाने कोटेशनची मागणी आली. मेल नीटनेटका, लोगो बरोबर, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव विद्यापीठाच्या वेबसाइटवर खरंच आहे. आम्ही दर पाठवले. घासाघीस काहीच नाही, तासाभरात पीओ (खरेदीचा लेखी आदेश) हजर! माल म्हणजे हार्ड डिस्क आणि रॅम, तेही ढिगाने. पैसे माल पोचल्यावर ३० दिवसांनी.

खटकतंय ते असं. मेलच्या पत्त्यात विद्यापीठाचंच नाव आहे, पण मध्ये एक जास्तीची आडवी रेघ. डिलिव्हरी कॅम्पसवर नाही, कुठल्याशा गोदामात, ‘विस्तारित भांडार’ म्हणे. फोन करा म्हटलं की साहेब मीटिंगमध्ये. आणि काल आणखी एक मेल आला: पुरवठादार पोर्टलवर नोंदणी करा, सोबत लिंक. तिथे आमच्याच मेलचा पासवर्ड मागतात, वर ‘परत मिळणारी’ नोंदणी फी.

आमचे विक्रीप्रमुख म्हणतात, आयटीवाल्याने हेडर (मेल कुठून, कसा आला याची मेलमधली तांत्रिक नोंद) तपासले, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा नाही ना हे बघणाऱ्या चाचण्या तिन्ही पास, मग शंका कसली? माल अजून आमच्याकडेच आहे. गिऱ्हाईक खरं असेल तर न दुखावता खात्री कशी करावी? आणि त्या ‘पास’चा अर्थ नेमका काय?

— पुरवठेदार_नवा

मेलवाला:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळे तिथेच फसतात. डीमार्क एवढंच सांगतं की मेल ज्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने आला, त्या डोमेनच्या परवानगीनेच आला. ते डोमेन विद्यापीठाचं आहे की नाही, हा त्याचा विषयच नाही. रेघवालं डोमेन भामट्याने स्वतः विकत घेतलं असेल, तर त्याच्या नोंदीही तोच नीट लावतो. तिन्ही पास होणारच! स्वतःच्या ओळखपत्रावर स्वतःचाच फोटो आहे, एवढंच सिद्ध झालं.

त्या डोमेनची हूइज नोंद (डोमेन कुणी, कधी घेतलं याची ऑनलाइन बघता येणारी नोंद) काढा. २०१८ पासून मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख बहुतेक ठिकाणी दिसते. जुन्या विद्यापीठाचं डोमेन महिन्याभरापूर्वीचं निघालं तर पुढे काही बघायची गरज नाही. रेघ निदान दिसते तरी. काही जण इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी टाकतात. मोबाइलवर फरक कळणं मुश्कील.

जुना_स्टोअरकीपर:
अहो, तुमची गोष्ट वाचली आणि वाटलं कुणीतरी ठरलेला नमुनाच भरून पाठवलाय. अमेरिकेच्या एफबीआयने मार्च २०२३ मध्ये याच प्रकाराबद्दल सूचना काढली होती. बांधकाम साहित्य, शेतीचं सामान, संगणक हार्डवेअर, सौरऊर्जेची उपकरणं, असा माल. खोटे क्रेडिट संदर्भ दाखवून ३० किंवा ६० दिवसांची उधारी मिळवायची. पैशाचा तगादा लावायची वेळ येते तेव्हाच विक्रेत्याला कळतं, आणि तोवर माल तिसऱ्याच देशात. हार्ड डिस्क, रॅम का? आकाराने लहान, किमतीने भारी, कुठेही खपते.

गोदामवाल्यावर मात्र एकदम संशय नको. कधी तो साधा फॉरवर्डिंग एजंट असतो, कधी घरबसल्या कामाच्या आमिषाला बळी पडलेला माणूस. पुढे पाठव म्हटलं की पाठवतो.

खतावणी:
विक्रीप्रमुखांना माझ्याकडून विचारा, ज्या खरेदी विभागाने दरात एक पैसा कमी करून मागितला नाही, असा त्यांनी आजवर पाहिलाय का? मी तर नाही पाहिला बुवा.

खात्री करायची तर मेलमधला नंबर वापरायचा नाही. विद्यापीठाची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, मुख्य नंबरवर फोन लावा, खरेदी विभागाला जोडून घ्या आणि पीओ नंबर सांगा. दुखावण्याचा प्रश्नच येत नाही. खरी संस्था उलट खूश होते, कारण नाव तिचंच खराब होत असतं. ‘पहिल्या ऑर्डरला आगाऊ पैसे, आणि डिलिव्हरी नोंदणीकृत पत्त्यावरच’ हा नियम सगळ्यांना सारखाच ठेवा, म्हणजे कुणाला एकट्याला लागत नाही. वाहतूकदारालाही लेखी कळवा की वाटेत पत्ता बदलायचा तर परवानगी फक्त तुमची.

नोंदणी फी विसराच. संयुक्त राष्ट्रांसारखी संस्थासुद्धा आपल्या खरेदी प्रक्रियेत कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाही, आणि त्यांच्या नावाने फी मागणारे मेल फिरतात म्हणून तसा इशाराही देते. आणि तुमच्या मेलचा पासवर्ड तर कुणालाच लागत नाही.

मेलवाला:
तो पासवर्ड त्यांना का हवा, हे सांगायचं राहिलं. एकदा तुमच्या मेलबॉक्समध्ये शिरले की तुमची खरी बिलं वाचतात आणि तुमच्याच ग्राहकांना ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं कळवतात. पुरवठादाराच्या नावाला किती किंमत असते बघा: २०१३ ते २०१५ दरम्यान क्वांटा या तैवानी कंपनीच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरहून जास्त उकळले गेले. तेव्हा लिंक उघडून कुणी पासवर्ड टाकला असेल तर आधी तो बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि मेल आपोआप बाहेर फॉरवर्ड करणारा नियम कुणी घालून ठेवलाय का ते सेटिंगमध्ये बघा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहू शकतो.

पुरवठेदार_नवा:
सगळ्यांचे आभार. पासवर्ड कुणीच टाकलेला नाही, विचारून घेतलं. विद्यापीठाच्या मुख्य नंबरवर फोन केला. अधिकारी खरे आहेत, पीओ त्यांचा नाही, आणि अशी चौकशी करणारे आम्ही पहिले नाही म्हणे. त्यांना मूळ मेल हवाय. नुसता फॉरवर्ड करू का? आणि भामट्याला ‘आम्हाला कळलंय’ असं लिहू का? हात शिवशिवताहेत.

मेलवाला:
साधा फॉरवर्ड केला तर मूळ हेडर जातात. ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ करा किंवा मेल फाइल म्हणून सेव्ह करून जोडा. त्याच फाइलची प्रत डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारच्या गैरवापर तक्रारीच्या पत्त्यावरही पाठवा, हूइजमध्ये तो दिलेला असतो. भामट्याला एवढ्यात काही लिहू नका. सावध झाला की नवं डोमेन घेईल, आणि विद्यापीठाला हे बंद करून घ्यायला थोडा वेळ हवाच.