ॲलिस नील यांचे ऐंशीव्या वर्षीचे नग्न आत्मचित्र: ‘या वयात हे कशाला?’

मूळ लेखन (साळगाव, बार्देश)

अमेरिकन चित्रकार ॲलिस नील यांचा जन्म १९०० चा. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःचे पूर्ण नग्न चित्र काढायला घेतले, ते बराच काळ अपुरे राहिले आणि १९८० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी ते पुरे केले. आज ते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बाई बसल्या आहेत. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांवर चष्मा, गाल लालसर, स्तन ओघळून पोटावर आलेले, पोट सैल पडलेले, एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात रंग पुसायचे फडके. एका पायाचा अंगठा वर उचललेला आहे, आणि मला तर त्या अंगठ्यातच बाईंचा सगळा ताठा दिसतो.

हे चित्र मी ज्यांना ज्यांना दाखवले, त्यांपैकी बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला, तो ‘या वयात हे कशाला?’ असा. माझा आक्षेप या प्रश्नावरच आहे. आमच्याच साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी पंचविशीत स्वतःचे संपूर्ण नग्न चित्र काढले आणि १९४९ मध्ये ते मुंबईतील प्रदर्शनात लागल्यावर अश्लीलतेच्या तक्रारी झाल्या. आज त्याच सोझांचे नाव आपण गोव्याचा अभिमान म्हणून घेतो, आणि त्यांनी ते चित्र का काढले, असे कोणीही विचारत नाही. तरुण पुरुषाने कपडे उतरवले की ते बंड ठरते, आणि ऐंशी वर्षांच्या बाईने तेच केले की ती विकृती किंवा म्हातारचळ ठरतो.

आपल्या चित्रांत वृद्ध स्त्री नसते असे नाही. सुरकुतलेला चेहरा, जपमाळ किंवा रोझरी धरलेले हात, कपाळावरचे मोठे कुंकू, हे सगळे आपल्याला आवडते. परंतु मान संपली की ती बाई चित्रातून नाहीशी होते आणि तिच्या जागी फक्त नऊवारीच्या निऱ्या उरतात. मानेखालचे शरीर दिसलेच, तर ते हास्यचित्रातल्या जाडजूड बाईचे असते. नील यांनी ही मानेची सीमा ओलांडली, आणि ती स्वतःच्या देहावर ओलांडली, म्हणून मला हे चित्र फार मोठे वाटते.

प्रतिसाद (फोंडा)

ताई, आपले लेखन मनापासूनचे आहे, तरीही मी सहमत नाही. वयाबरोबर शरीर उतरते हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ते उतरत असताना जगासमोर किती यायचे, हे ठरवण्यात कलावंताची मोठी परीक्षा असते. आमच्या फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८९२ चा. जयपूर घराण्याची ती गायकी ऐकायला लोक जीव टाकत असताना, १९६० च्या दशकात, आवाज पूर्वीसारखा साथ देत नाही असे जाणवताच त्यांनी मैफली थांबवल्या. थकलेला आवाज लोकांच्या कानी पडू नये, हा त्यांचा करारीपणा मला नील यांच्या उघडेपणापेक्षा अधिक थोर वाटतो.

दुसरे असे की, वृद्ध शरीर आपल्या परंपरेने पाहिलेच नाही, असा सूर आपल्या लेखात आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हातारपणाचे वर्णन इतके रोखठोक आहे की वाचताना अंगावर काटा येतो. मात्र ते वैराग्यासाठी आहे. तरुणपणीच माणसाने सावध व्हावे, म्हणून ज्ञानदेवांनी जरेचे रूप डोळ्यांसमोर उभे केले. नील यांचे चित्र कोणाला कशासाठी सावध करते, हे मला कळत नाही.

प्रतिसाद (म्हापसा, निवृत्त चित्रकला शिक्षक)

माझे दोघांशीही मतभेद आहेत. ज्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले, त्यांना वृद्ध देहाचे नावीन्य नसते. आम्ही विद्यार्थी असताना लाइफच्या, म्हणजे जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढण्याच्या, वर्गात मॉडेल म्हणून बसणारी माणसे बरेचदा वयस्कर असत, कारण हाडांच्या खोबणी, गळ्याखालच्या शिरा आणि सैल कातडीवरचा छायाप्रकाश तरुण अंगावर सापडत नाही. एक आजी पदर खांद्यावरून खाली घेऊन तासन्‌तास निश्चल बसायच्या. त्यांच्या गळ्याच्या हाडामागचा खड्डा कोळशाने साधताना आमची भंबेरी उडायची.

फोंड्याच्या स्नेह्यांना एवढेच सांगेन की, जरेचे चित्रण केवळ वैराग्यासाठी होते हे खरे नाही. तमिळ शिवभक्त कारैक्काल अम्मैयार यांनी रूप नको म्हणून शंकराकडेच मागणे मागितले, अशी कथा आहे. चोल काळातील कांस्यमूर्तींत त्या बरगड्या दिसणाऱ्या, सुकलेल्या स्तनांच्या, हातात टाळ घेऊन आनंदाने गाणाऱ्या दिसतात. त्या मूर्तींची पूजा होत आली आहे. तेव्हा नील यांनी जगात प्रथमच काही केले, हे म्हणणे मला पटत नाही.

मूळ लेखिका (साळगाव)

सर, त्या आजींचे नाव आपल्यापैकी कोणाला माहीत होते काय? मी हे दोष देण्यासाठी विचारत नाही. वर्गात त्यांना बैठकीचे पैसे मिळाले, पण कसे बसायचे, पदर कुठवर घ्यायचा आणि कागदावर काय उतरायचे, हे सगळे दुसऱ्यांनी ठरवले. नील यांच्या चित्रात बसणारी आणि रंगवणारी एकच आहे, आणि कुंचला तिने मुद्दाम आपल्याला दिसेल असा धरला आहे. कारैक्काल अम्मैयार यांचा दाखला मला शिरसावंद्य आहे, कारण तिथेही रूप टाकण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे.

प्रतिसाद (सावर्डे)

मी चित्रकलेतली जाणकार नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांना आंघोळ घालायचे काम माझ्याकडे आले आणि वयाच्या पन्नाशीत मी प्रथमच एका वृद्ध स्त्रीचे संपूर्ण शरीर पाहिले. पाठीची कातडी टॉवेलबरोबर सरकायची, म्हणून पुसायचे नाही, नुसते टिपायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मला पहिल्या दिवशी धक्का बसला, आणि तो त्यांच्या डोळ्यांनी टिपला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. माझ्यासारख्या बायकांनी असे एखादे चित्र आधी पाहिले असते, तर निदान माझा चेहरा तसा झाला नसता, असे मला आज वाटते.

प्रतिसाद (फोंडा)

वहिनी, आपण जे लिहिले त्याने मी हललो. पण माझा मुद्दा त्यातूनच अधिक पक्का होतो. आपल्या सासूबाई भिंतीकडे वळल्या, कारण परवश देहाला झाकून राहायचे होते. म्हातारपणी माणसाच्या हाती जे थोडे राहते, त्यात हा आडोसा येतो. उद्या वृद्ध स्त्रीचा उघडा देह हेच धैर्याचे माप ठरले, तर ज्यांना पदर सावरूनच जगायचे आहे त्या भेकड ठरतील, आणि हा नवा जाच होईल.

मूळ लेखिका (साळगाव)

हे भय मला मान्य आहे, आणि तसे कोणी म्हणू लागले तर मी आपल्या बाजूने उभी राहीन. केसरबाईंनी थांबायचे ठरवले, तो त्यांचा अधिकार. कुर्डीच्या मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर २०१७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत दिल्लीत गात होत्या, तोही त्यांचा अधिकार. किशोरीताईंना आपण ‘या वयात कशाला’ असे विचारले नाही. गळा चालतो, पण पोट आणि मांड्या चालत नाहीत, हा भेद आपण कशाच्या आधारावर करतो, याचे उत्तर मला अजून आपल्याकडून हवे आहे.

प्रतिसाद (फोंडा)

गळ्यातून कला बाहेर येते, ताई, पोटातून येत नाही. नील यांच्या बाबतीत कला हातात होती, आणि तो हात झाकलेल्या अंगानेही तितकाच चालला असता.