अनुभव धागा : अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर नोंदींना अटीनुसार रंग देणे

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या सदस्यांनी फॉर्मवर कंडिशनल फॉरमॅटिंग (अट खरी ठरली की रंगरूप बदलण्याची सोय) कशासाठी वापरले आणि ते कुठे अडले, हे येथे लिहावे. आवृत्ती अवश्य सांगावी, कारण २००७ पर्यंत एका कंट्रोलला (फॉर्मवरील टेक्स्ट बॉक्ससारख्या घटकाला) तीनच अटी लावता येत असत. २०१० पासून ही मर्यादा ५० झाली.

वाचनालय, सातारा (आवृत्ती २०१६)
आमची देवघेवीची यादी कंटिन्यूअस फॉर्मवर (एकाखाली एक अनेक नोंदी दाखवणाऱ्या फॉर्मवर) दिसते. मुदत उलटलेली पुस्तके लाल दिसावीत म्हणून पूर्वी कोणीतरी ‘ऑन करंट’ इव्हेंटमध्ये (कर्सर दुसऱ्या नोंदीवर गेला की घडणाऱ्या) व्हीबीए या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड लिहून ठेवला होता, आणि अशा एखाद्या नोंदीवर कर्सर गेला की सगळी यादीच लाल होत असे. ओळी कितीही दिसल्या तरी त्या फॉर्मवर टेक्स्ट बॉक्स एकच असतो व अ‍ॅक्सेस तोच प्रत्येक ओळीत पुन्हा काढते, त्यामुळे कोडने दिलेला रंग सर्वत्र लागतो. कंडिशनल फॉरमॅटिंगची अट मात्र प्रत्येक नोंदीसाठी वेगळी तपासली जाते. म्हणून कोड काढला आणि ‘एक्स्प्रेशन इज’ (अट सूत्राने लिहिण्याचा पर्याय) निवडून ‘देय दिनांक आजच्या आधीचा व जमा दिनांक रिकामा’ अशी अट लिहिली. रिकामेपणासाठी ‘इज नल’च वापरावे लागते, कारण बरोबरच्या चिन्हाने नलशी (काहीच न भरलेल्या किमतीशी) केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही.

गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, ठाणे
मला थकबाकीदाराची पूर्ण ओळ रंगवायची होती, पण तशी थेट सोय नाही. डिटेल विभागात (फॉर्मवर नोंदी दिसतात त्या भागात) सर्व कंट्रोलच्या मागे ओळीइतका रुंद, कशालाही न जोडलेला टेक्स्ट बॉक्स ठेवला, अट त्याला लावली आणि पुढच्या टेक्स्ट बॉक्सची बॅक स्टाइल (पार्श्वभूमी) ट्रान्सपरंट, म्हणजे पारदर्शक केली. मागच्या बॉक्सचे ‘एनेबल्ड’ (वापरता येणे) नो आणि ‘लॉक्ड’ (मजकूर बदलता न येणे) येस ठेवावे, नाहीतर त्यावर क्लिक होताच तो पुढे येऊन मजकूर झाकतो. अटींचा क्रमही पाहावा : पहिली खरी ठरलेली अटच लागू होते, म्हणून ९० दिवसांच्या थकबाकीची अट ३० दिवसांच्या अटीच्या आधी हवी.

शाळेचे कार्यालय, लातूर
रंगापेक्षा मला या सोयीतले ‘एनेबल्ड’चे बटण अधिक उपयोगी वाटते (त्याकडे फारसे कोणी पाहत नाही). हजेरीच्या कॉम्बो बॉक्समध्ये (यादीतून पर्याय निवडण्याच्या बॉक्समध्ये) ‘गैरहजर’ निवडले की त्याच विद्यार्थ्याचा गुणांचा बॉक्स बंद होतो, इतरांचे चालू राहतात. चेक बॉक्सला मात्र कंडिशनल फॉरमॅटिंग लावता येत नाही, म्हणून हजेरीसाठी कॉम्बो बॉक्स घ्यावा लागला. अटीत ‘डीलुकअप’ (टेबलमधून माहिती शोधून आणणारे फंक्शन) घातल्यावर यादी सरकवताना फॉर्म रखडू लागला. तीच माहिती फॉर्मला नोंदी पुरवणाऱ्या क्वेरीत जोडून घेतल्यावर तो त्रास थांबला.