मदत हवी आहे: किक रिटर्नरसाठी ड्राफ्टमधला कितवा पिक खर्चावा?

मंडळी, इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नेमाने बघणारं कुणी आहे का? ऑफिसात मॉक ड्राफ्ट (संघांनी फेरीफेरीने कॉलेजचे खेळाडू निवडायचे, त्याची लुटुपुटूची आवृत्ती) आहे, माझ्या वाट्याला शिकागो बेअर्स आलेत, आणि मी रिटर्नरवर, म्हणजे समोरच्यांनी मारलेली किक घेऊन चेंडू परत पळवणाऱ्यावर, अडलोय.

२००६ साली बेअर्सनी डेव्हिन हेस्टरला दुसऱ्या फेरीत, ५७ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये पठ्ठ्याने पहिलीच किक ९२ यार्ड पळवत टचडाउन केला, म्हणजे थेट समोरच्यांच्या टोकाला नेऊन गुण मिळवले! (सामना हरलो, ते सोडा.) पण टायरीक हिल कॅन्सस सिटीला पाचव्या फेरीत मिळाला होता, डांटे हॉलही पाचव्याच. मग दुसरी फेरी कशाला जाळायची, असं एक मन म्हणतं.

त्यात २०२४ पासून किकऑफचा (खेळ सुरू करणाऱ्या किकचा) नियमच बदललाय. कव्हरेजवाले, म्हणजे रिटर्नरला अडवणारे, आता समोर ४० यार्डांच्या रेषेवर उभे असतात, चेंडू पडेपर्यंत किंवा रिटर्नरच्या हाती येईपर्यंत हलायचं नाही. २०२५ मध्ये थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) गेलेल्या किकचा टचबॅकही, म्हणजे न पळता आयता चेंडू मिळण्याची जागाही, ३५ यार्डांवर नेला; किक मारणारे तसं टाळणार, त्यामुळे रिटर्न वाढणारच. मला वाटतं, नुसत्या वेगापेक्षा फट दिसताक्षणी घुसणारा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आता जास्त कामाचा. पंटचं (चढाई अडल्यावर चेंडू लांब मारून देण्याच्या किकचं) गणित वेगळं, तिथे हेस्टरछाप हरणंच लागतात.

तर चौथ्या-पाचव्या फेरीत असा रनिंग बॅक घ्यावा, की तिसऱ्यातच चपळ रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) उचलून किकऑफ आणि पंट रिटर्नची दोन्ही कामं त्यालाच द्यावीत? आणि कॉलेजचे रिटर्न बघताना नेमकं काय तपासता? तिकडे किकऑफ अजून जुन्याच पद्धतीचा आहे, म्हणून जास्त गोंधळ.